बाईंची खाकी साडी

पहिल्याच दिवशी बाईंनी मला शिवणाच्या वर्गातून घरी हाकललं. गुन्हा काय, तर माझ्या नखात कोलंबीचं साल अडकलं होतं. "नखं कापून, हात धुऊन पाच मिनिटांत हजर," असं म्हणत त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. आमचं घर शिरगावच्या कोळीवाड्यात पार टोकाला. मी पळत गेले, नखं कापली, पळत आले. बाई म्हणाल्या, "सात मिनिटं. उद्या ये." आता बोला! एकोणीस वर्षांच्या घोडीला कुणी असं वागवतं का?

घरी येऊन मी पिशवी आपटली. "ती बाई येडी आहे. मी नाय जायची परत." आई अंगणात सुकट पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "येडी हाय म्हनून तर जा. शान्या मानसाकडनं कोन कदी काय शिकलाय?"

म्हणून गेले. आणि पुढे जे झालं ते झालं.

बाई आमच्या गावच्या नव्हत्या. देशावरच्या, साताऱ्याकडच्या. पालघरहून येणाऱ्या एस.टी.तून एक दिवस एक पत्र्याची पेटी आणि एक शिवणयंत्र घेऊन उतरल्या आणि राहिल्या त्या राहिल्याच. शाळेमागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड आणि तिथंच शिवणाचा वर्ग. नवरा नाही, मूल नाही, कधी कुणाचं पत्र नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने बायकांची एक लष्करी तुकडी काढली होती, त्यात बाई पुण्याला टेलिफोनवर होत्या, एवढंच त्यांनी सांगितलेलं. निम्म्या गावाला ते खरं वाटायचं, निम्म्याला नाही. पण कुणाला पटो न पटो, रोज सकाळी सहाला बाई गणवेश चढवून घराबाहेर पडायच्या.

तो गणवेश मी अजून शिवून दाखवीन, इतका मला पाठ आहे. जाड खाकी साडी, निऱ्या अशा धारेच्या की हात कापावा. वर कॉलरचं खाकी पोलकं, खांद्यांवर पट्ट्या, छातीशी झाकणाचे दोन खिसे आणि पितळी बटणं. बटणं कडीला अडकवलेली असायची. धुताना बाई ती काढून ठेवायच्या आणि चिंच लावून घासायच्या. या थाटात त्या किनाऱ्याने शिरगावच्या किल्ल्यापर्यंत ताडताड चालत जायच्या आणि परत यायच्या. साडेसातला गणवेश पेटीत, बाई साध्या पांढऱ्या साडीत, आणि आम्ही पोरी ओळीत.

किनाऱ्यावर जाळी विणत बसलेले आमचे बाप्ये सुरुवातीला त्यांना चेष्टेने सलाम ठोकायचे. बाई थांबायच्या, टाचा जुळवायच्या आणि खराखुरा सलाम परत करायच्या. एकदम कडक. चेष्टा करणाऱ्याला खरा सलाम मिळाला की त्याची फार पंचाईत होते, हसावं की उभं राहावं ते कळत नाही. माझा धाकटा काका तर एकदा हातातलं जाळं टाकून उभाच राहिला. हळूहळू चेष्टा आपोआप बंद पडली, सलाम तेवढा राहिला.

वर्गात सगळा कारभार हुकमाने. "सुया वर! दोरा ओव! टाका घाल!" एखादीचा टाका वाकडा गेला की म्हणायच्या, "सुई आणि शिपाई, एकदा वाकले की कामातून गेले." आणि ती सगळी शिवण उसवायला लावायच्या. थोडीशी नव्हे, सगळी. "उसवायला लाज वाटते तिने शिवायला बसू नये" हे त्यांचं दुसरं वाक्य. खोटं बोललेलं त्यांना अजिबात खपायचं नाही. "खोटं म्हणजे कच्चा टाका. आज ना उद्या चारचौघांत उसवतो."

पण त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे खिसा. मी एकदा विचारलं, "बाई, युद्धात तुम्हाला काय मिळालं?" मला वाटलं, मेडल वगैरे म्हणतील. बाई म्हणाल्या, "खिसे मिळाले. दोन." मी हसले. त्या हसल्या नाहीत. "अगं, बावीस वर्षांची होईपर्यंत माझ्या अंगावरच्या कुठल्याही कपड्याला खिसा नव्हता. सगळं पदराला बांधायचं नाहीतर मुठीत धरायचं. तो गणवेश घातला, खिशात हात घातला, आणि मला वाटलं, मी कुणीतरी आहे." आणि म्हणून त्या शिवायला आलेल्या प्रत्येक चोळी-पोलक्याला न विचारता आतून खिसा लावायच्या. एका नवरीच्या पोलक्याला लावला तेव्हा तिची आई तावातावाने भांडायला आली. वर्षभराने तीच नवरी माहेरपणाला आली आणि गुपचूप बाईंकडे आणखी दोन पोलकी टाकून गेली. सासरी खिशात लपवून चिंचा खाता येतात म्हणाली.

असं सगळं बरं चाललं होतं. मग पासष्टचं युद्ध सुरू झालं.

सीमा कुठे आणि शिरगाव कुठे! पण समोर समुद्र, आणि पलीकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललेलं, त्यामुळे आमच्या पट्ट्यात काळोख पाळण्याचा हुकूम फार कडक होता. दिवस बुडाला की चूलसुद्धा विझवायची. खिडक्यांना काळे कागद लावायचे. बाप्ये होड्या घेऊन गेलेले असले की किनाऱ्यावर आम्ही बायकाच. बाईंना जणू अठरा वर्षांनी बोलावणं आलं. त्यांनी दोन दिवसांत कोळीवाड्यातल्या अकरा बायका गोळा केल्या. त्यात मी होते, माझी आई होती, काकी होती. काम एवढंच की संध्याकाळी गावभर फिरून दिवे दिसतात का ते पाहायचं, आणि कुणाला लागलं-सवरलं तर पट्टी बांधायची. पण बाई साधं काम साधेपणाने करतील तर शपथ. त्यांनी आम्हाला खांद्यावर वल्ही देऊन कवायत करायला लावली.

माझी आई लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, खांद्यावर वल्हं घेऊन 'लेफ्ट-राइट' करते आहे, हे दृश्य पाहायला अख्खा वाडा लोटला होता. बाईंनी आधी सगळ्यांना सहावारी नेसा म्हणून सांगून पाहिलं. आई म्हणाली, "बाई, आमाला चिखलातनं चालायचं हाय. तुमची साडी चिखलात गेली का तुमी पन गेल्या." बाईंनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे. लुगडंच राहू दे. पण रंग एक हवा. खाकी."

आता खाकी कापड आणायचं कुठून? पालघरच्या दुकानांत संपलेलं. मनोरच्या बाजारात नाही. बोईसरला मी आणि बाई दोघी गेलो, तर तिथला दुकानदार म्हणाला, "बहनजी, खाकी तो सब चला गया. सफेद ले जाओ." शेवटी गावच्या महिला मंडळाने पांढऱ्या मांजरपाटाची तीन ठाणं दिली. आणि मग माझ्याच डोक्यातून ती कल्पना निघाली.

त्या काळात आमची जाळी सुताची असायची, आणि सूत खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून ती सालीच्या पाण्यात रंगवावी लागायची. डोंगराकडच्या वारली बायका ऐनाच्या सालीचे भारे घेऊन यायच्या. अंगणात तांब्याची एवढी मोठी काहील चढायची, साल उकळायची आणि त्यात जाळी मुरवत ठेवायची. मी बाईंना म्हटलं, "सालीच्या पाण्यात मांजरपाट जरा बुडवून लगेच काढलं तर खाकीच होईल की." बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. दीड वर्षात पहिली थाप! त्या पेटीशी गेल्या, आपली खाकी साडी आणि पोलकं काढलं, बटणं सोडवून घेतली, आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. "हा नमुना. याच्याशी रंग ताडून बघ. जुळला की त्या क्षणी कापड बाहेर. आणि हे गाठोडं..." त्यांनी गाठ परत एकदा ओढून घट्ट केली. "हे मी आजवर कुणाच्या हातात दिलेलं नाही."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती आमच्यातल्याच माणसाला ठाऊक. काहील चढली की शेजारपाजारचे लोक आपापलं काहीबाही आणून बाजूला ठेवतात. फाटकं शीड, दोरखंड, कुणाचा गंजीफ्रॉक. ज्याचं त्याने सांगायचं नाही आणि काहिलीवाल्याने विचारायचं नाही. काहिलीशी आलेलं कोरडं परत न्यायचं नाही, नेलं तर जाळं रिकामं येतं. म्हणून जे ठेवाल ते बुडतं. हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं.

आणि तरीही मी काय केलं? दोन ठाणांची अकरा लुगडी फाडून आणली होती, तिसरं ठाण वर्गातच राहिलं होतं. ते आणायला मी निघाले, आणि गाठोडं काहिलीशी ठेवलं.

वर्गात पोचले तर दाराशी सायकल. पालघरहून हवालदार आलेला. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, पण चेहरा पिठासारखा पांढरा. हवालदार बिचारा चांगला माणूस, दोनदा 'माफ करा' म्हणाला आणि मग निरोप सांगितला. नाक्यावरच्या दुकानदाराने तक्रार केली होती. काळोखाच्या वेळी त्याने दुकानात बत्ती पेटती ठेवली म्हणून बाईंनी त्याला चारचौघांत ओरडून ती विझवायला लावली होती, त्याचा राग. तक्रार अशी, की ही बाई लष्करात नसताना लष्कराचा गणवेश घालून किनाऱ्यावर फिरते. ऐन युद्धात! हवालदार म्हणाला, "फौजदारसाहेब उद्या दहाला येतील. नोकरीचा कागद असेल तर दाखवा. नसेल तर मग... गणवेश जप्त होईल आणि तुम्हाला पालघरला यावं लागेल."

"कागद वाळवीने खाल्ला," बाई म्हणाल्या.

हवालदार गेला. बाई माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी हळू. "माझा गणवेश आण."

मी धावले. अंगणात पोचले तर काहिलीवर वाफ, आणि काकी हात पुसत उभी. "काकी, इथलं गाठोडं?"

"कनचं? खाकी? ते मघाच गेलं की. खाली तुझा मांजरपाट, मदी गाठोडं, वर जाळी."

"काढ! काढ आधी!"

बापाने मला मागे ओढलं. "येडी झाली काय? उकळत्या पान्यात जाळी वडली तर चिंद्या होतील. निवल्याबिगर हात लावायचा नाय." आणि निवायला वेळ कुठे होता? दिवस कलला तसा जाळ विझवला, काळोखाचा हुकूम. काहील तशीच सकाळपर्यंत राहिली. जे क्षणभर बुडवायचं होतं ते अख्खी रात्र मुरलं. मी बाईंना तोंड दाखवायला गेले नाही. शेजारच्या पोरीबरोबर निरोप धाडला, सकाळी आणते म्हणून. भ्याले होते, दुसरं काय! बाईंकडे आपण लष्करात होतो याचा तेवढा एकच पुरावा होता, आणि तो मी जाळ्यांबरोबर शिजवला होता.

सकाळी काढलं तर काय? खाकीचा मागमूस नाही. साडी, पोलकं, अकरा लुगडी, सगळं एकजात तांबूस-काळपट. आमच्या जाळ्याचा रंग. आणि वास! तीस वर्षांच्या मासळीचा वास त्या काहिलीत मुरलेला. वाऱ्यावर धरून धरून अर्धवट वाळवलं आणि मी ते बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

बाईंनी साडी उलगडली. उजेडाला धरून पाहिली.

"कोणी केलं?"

"मी." काकीचं नाव घ्यायची माझी छाती झाली नाही, आणि तो तिचा दोषही नव्हता.

"काहिलीशी ठेवलेलं बुडवतात हे तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं."

"मग?"

"विसरले, बाई." आणि मी भोकाड पसरलं. खोटं कशाला सांगू, हमसाहमशी रडले.

बाई पेटीवर बसल्या. मला वाटलं, आता ही बाई मरते तरी नाहीतर मला मारते तरी. पण त्या उठल्या आणि म्हणाल्या, "इस्त्री पेटव." निखारे घातले. त्या ओलसर, वासमाऱ्या साडीला त्यांनी घडी घडी करून इस्त्री केली. निऱ्यांना पहिल्यासारखीच धार काढली. मग पोलकं माझ्यापुढे सरकवलं, "बटणं लाव." मी पुढे झाले. शिवणाच्या डबीतली साधी शिंपल्याची बटणं हाताला लागली, तीच टाचली. बाईंनी पितळी मागितली नाहीत. मी त्या वेळी ते लक्षातही घेतलं नाही.

दहाला फौजदार आले. मागे हवालदार आणि त्याच्या मागे, छाती काढून, नाक्यावरचा दुकानदार. बाई दारात उभ्या. अंगावर संपूर्ण गणवेश.

फौजदारांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खाकी कुठे आहे?"

दुकानदार पुढे आला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "साहेब, परवापर्यंत खाकी होती! आईशप्पथ! गावाला विचारा!"

"मी तुम्हाला विचारलं का?" फौजदार बाईंकडे वळले. "बाई, सरळ सांगा. हा लष्कराचा गणवेश आहे का?"

झालं! कारण मला बाई माहीत होत्या. 'नाही' एवढा एक शब्द बोलल्या असत्या तर सुटका होती, आणि तोच शब्द त्यांच्या तोंडातून निघणार नव्हता. त्यांनी टाचा जुळवल्या. हनुवटी वर केली. तोंड उघडलं. आता ही बाई खरं बोलते आणि जाते पालघरला, मी मनात म्हटलं. सगळं माझ्यामुळे.

तेवढ्यात मागून माझ्या आईचा आवाज आला. समुद्रावरच्या होडीला ऐकू जाईल असा. "ओ सायब! त्यांना काय इचारता? आमाला इचारा!"

वळून पाहिलं तर आई, काकी आणि वाड्यातल्या आठजणी. सगळ्या त्याच तांबूस-काळपट लुगड्यांत. खांद्यावर वल्ही. कुणी हुकूम दिलेला नव्हता, तरी येऊन बाईंच्या बाजूला ओळीत उभ्या राहिल्या. मीही रडवेलं तोंड पुसून ओळीत शिरले. लुगडं बाकीच्यांचं नेसून झालेलं, माझं तेवढं खांद्यावरच होतं, ते तसंच गुंडाळलं.

"ह्यो रंग आमच्या काहिलीतला हाय," आई म्हणाली. "आमचीच साल, आमचंच लाकूड. बाराजनींचा येकच रंग. तुमी म्हनाल तर अंगनात या, काहील दाखवते. आजून गरम हाय."

फौजदारांनी पुढे होऊन बाईंच्या पदराचं टोक बोटांत धरलं. चोळून पाहिलं. मग बोटं नाकाशी नेली आणि लगेच लांब केली. हवालदार खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसला.

"सरकारी कापडाला असा वास मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नाही," फौजदार म्हणाले. "हा सरकारचा गणवेश नाही. तक्रारीत तथ्य नाही." आणि दुकानदाराला म्हणाले, "तुमच्या दुकानाला काळा पडदा लावलात का? चला, बघू या." जाताना ते बाईंपाशी थांबले. "तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही स्वतः तपासलंत. तुमचा निर्णय मला मान्य आहे." आणि सलाम ठोकला. फौजदारांचा हातही आपसूक वर गेला.

ते नाक्यापलीकडे दिसेनासे झाले आणि माझ्या आईने वल्हं टाकून जी काय आरोळी ठोकली! काकी नाचायला लागली. मी तर मटकन खालीच बसले. देवा, सुटलो, सुटलो, एवढंच मनात. पण बाईंचं वेगळंच. त्या आत गेल्या आणि पेटीसमोर जमिनीवर बसून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. मी आणि आई घाबरून आत गेलो.

बाईंनी पेटीच्या तळातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. चांगला धडधाकट कागद, वाळवीचं एक भोक नाही. इंग्रजीतला, शिक्क्याचा. बाईंचं नाव, तुकडीचं नाव, नोकरीची वर्षं.

"बाई! हा होता तर दाखवला का नाही?"

"खालची ओळ वाच."

मी अडखळत वाचली. बाकीच्या वस्तू परत मिळाल्या, असं लिहिलेलं. आणि पुढे: गणवेश, एक, जमा नाही.

मग बाईंनी सांगितलं. युद्ध संपलं, पुढे तुकडी मोडली, सगळ्याजणींना गणवेश परत करायला रांगेत उभं केलं. बाईंचा नंबर आला, बाकीच्या वस्तू जमा झाल्या, आणि गणवेशापुढे 'जमा नाही' एवढं टिपून, कागद टेबलावरच ठेवून नेमका कारकून जेवायला उठला. "मी तिथे उभी होते. मला वाटलं, हा काढून दिला की मी परत तीच. बिनखिशाची. घरच्यांनी तर लष्करात गेले तेव्हाच नाव टाकलं होतं. मी कागद उचलला, वळले आणि चालू लागले. फाटकावर शिपाई होता. त्याने मला अडवलं नाही गं, सलाम केला! अंगात गणवेश होता ना." त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तिथून जी पळाले ती गाव बदलत बदलत इथे आले. एस.टी.चा शेवटचा थांबा. पुढे समुद्र, पळायला जागाच नाही, म्हणून उतरले. अठरा वर्षं दार वाजलं की मला वाटायचं, आले गणवेश न्यायला. पेटीत लपवावा तर घालावासा वाटायचा, आणि घातला की भीती वाटायची. तुम्हाला मी शिस्त शिकवत होते, आणि स्वतः सरकारची चोर!"

पितळी बटणं त्यांनी सकाळी का मागितली नव्हती, ते मला आत्ता कळलं. आई आपली गालावर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "मंग आता काय? सरकारनं सवता येऊन, हातानं चाचपून, वास घेऊन सांगितलं, आमचा नाय म्हनून. आता कोन नेतंय?"

बाईंनी आईकडे पाहिलं. इतका मोठा सुस्कारा मी कुणाचा ऐकलेला नाही. अठरा वर्षं आत कोंडलेला होता तो. मग त्या उठल्या, पदर झटकला, आणि एकदम माझ्यावर आवाज चढवला. "पण चूक ती चूक. शिक्षा झालीच पाहिजे."

मी उभी राहिले. "हो, बाई."

"हा रंग किती दिवस टिकतो?"

"खाऱ्या वाऱ्यात? दोन महिने. मग उतरायला लागतो. जाळी परत रंगवावी लागतात."

"मग दर काहिलीला हा गणवेश नेऊन बुडवायचा. खाली खाकी दिसता कामा नये. ही तुझी शिक्षा."

पुढे काही दिवसांत युद्ध थांबलं. बाई आणखी बरीच वर्षं आमच्यात होत्या, आणि मी ती शिक्षा इमानाने भोगली. दर काहिलीला मी गाठोडं न्यायची, आणि बाई मागोमाग येऊन, वाफेत डोळे बारीक करून, काठीने साडीचं टोक आत ढकलत म्हणायच्या, "अजून जरा मुरू दे गं. इथे कोपरा राहिलाय बघ."